हटकून, न चुकता, झाडून सगळे: इंग्रजीत ‘अपवाद नाही’ हे कसं लिहायचं

माझी पहिली नोकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहिणं हे माझं काम. एका पत्रात मी लिहून गेलो, ‘अवर कास्टिंग्ज आर ऑल्वेज फ्री फ्रॉम ब्लोहोल्स.’ डोक्यात मराठी होतं: आमच्या मालाला नेहमी ब्लोहोल (ओतकामात राहणारी हवेची छिद्रं) नसतात, म्हणजे एरवी नसतात, माल चांगला असतो. चार महिन्यांनी एका लॉटमध्ये तीन नग सच्छिद्र निघाले. तक्रारीच्या मेलमध्ये गिऱ्हाइकानं माझं वाक्य जसंच्या तसं वर चिकटवलं होतं आणि त्यातला ‘ऑल्वेज’ तेवढा ठळक केला होता. तीन नग बदलून देणं अवघड नव्हतं. पण त्या एका शब्दापायी आमची खरी असलेली बाकीची वाक्यंही संशयात आली, आणि ती सावरायला वर्ष गेलं.

आता मी राजारामपुरीत इंग्रजी लेखनाचे वर्ग घेतो. फौंड्रीतले क्वालिटीवाले येतात, हुपरीचे चांदीवाले येतात, चपला बाहेरदेशी पाठवणारे येतात, शिवाजी विद्यापीठात पीएचडी करणारी पोरं येतात. चूक बहुतेकांची तीच असते. मराठीत आपण या अर्थाचे आठ-दहा शब्द जागच्या जागी, न अडखळता वापरतो. इंग्रजीत गेलो की सगळ्यांच्या जागी एकटा ‘ऑल्वेज’ राबतो. हा लेख नव्यानं इंग्रजी लिहायला लागलेल्यांसाठी आहे. व्याकरण थोडंफार येत असलं तरी पुरे.

पायरी १: आधी मराठी शब्द नक्की करा

ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा.

पोरगं सतत मोबाईलवर असतं.
छत्री विसरली की हटकून पाऊस येतो.
आजी दर शुक्रवारी न चुकता अंबाबाईला जाते.
गल्लीतली झाडून सगळी पोरं रंकाळ्यावर गेली.
तो कायमचा पुण्याला गेला.

आता शब्दांची अदलाबदल करा. ‘पोरगं हटकून मोबाईलवर असतं’ म्हटलं की वाक्य वाकडं होतं. ‘छत्री विसरली की न चुकता पाऊस येतो’ हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, कारण चुकणं-न चुकणं माणसाच्या हातात असतं, पावसाच्या नाही. ‘झाडून’ हा शब्द वेळेबद्दल बोलतच नाही, तो माणसांची मोजदाद करतो. हे कुणी शिकवलं नाही, कानाला ठाऊक आहे. इंग्रजीतही हेच भेद आहेत, जवळजवळ याच ठिकाणी. म्हणून लिहायच्या आधी स्वतःला विचारा: अपवाद नाही म्हणतोय, तो कशाला नाही? वेळेला? प्रसंगाला? माणसांना किंवा वस्तूंना? की कुणीतरी पाळलेल्या नेमाला? याचं उत्तर मिळालं की शब्द निम्मा सापडला.

पायरी २: ‘ऑल्वेज’ कुठं बसतो ते पक्कं करा

जुन्या इंग्रजीत ‘एआल्ने वेग’ असा शब्दप्रयोग होता. अर्थ, सगळी वाट, वाटभर. त्यातून ‘ऑल्वे’ झाला आणि शेवटचा ‘स’ हा षष्ठीचा जुना प्रत्यय नंतर चिकटला. वाट सुरू झाली तिथपासून संपेपर्यंत, मध्ये तुटणार नाही, हे त्याचं मूळ चित्र आहे. हे चित्र लक्षात ठेवलं तर त्याचं वजन कळतं.

जागेचा नियम सोपा आहे. साध्या क्रियापदाच्या आधी: ‘वी ऑल्वेज चेक द वेट.’ ‘बी’च्या रूपांनंतर: ‘द गेट इज ऑल्वेज ओपन.’ सहायक क्रियापदं असतील तर पहिल्यानंतर: ‘आय हॅव ऑल्वेज लिव्ड इन कोल्हापूर.’ या शेवटच्या वाक्यात मराठी माणूस ‘आय ऑल्वेज लिव्ह’ लिहितो. ‘मी कायम कोल्हापुरातच राहिलोय’ असं आजवरचं सांगायचं असेल, तर ‘हॅव’ लागतोच.

वाक्याच्या सुरुवातीला मात्र तो सहसा येत नाही. मराठीत ‘नेहमी मी सकाळी फिरायला जातो’ चालतं, म्हणून आपण ‘ऑल्वेज आय गो फॉर अ वॉक’ लिहितो. इंग्रजी वाचणाऱ्याला तिथं ठेच लागते. ‘युज्वली’ आणि ‘समटाइम्स’ पुढं उभे राहू शकतात, ‘ऑल्वेज’ नाही. आज्ञा किंवा सूचना देताना तो हक्कानं पहिला येतो: ‘ऑल्वेज वेअर गॉगल्स निअर द फर्नेस.’ भट्टीजवळच्या पाटीवर हाच क्रम हवा.

छोट्या उत्तरात क्रम उलटतो. ‘डू यू चेक द वेट?’ याला ‘येस, आय ऑल्वेज डू.’ ‘आय डू ऑल्वेज’ नाही.

आता दोन सापळे. हे वेळ देऊन वाचा, कारण इथं शब्द बरोबर असतो आणि अर्थ मात्र भलताच निघतो.

पहिला सापळा चालू काळाचा. ‘ही ऑल्वेज कॉल्स मी’ म्हणजे तो मला नेहमी फोन करतो, साधी माहिती. ‘ही इज ऑल्वेज कॉलिंग मी’ म्हणजे सारखा फोन करत असतो, बहुतेक वेळा वैतागून म्हटलेलं. आपल्याकडं ‘इंग’ लावून बोलायची सवय मोठी आहे. एका विद्यार्थिनीनं शिफारसपत्राच्या मसुद्यात स्वतःच्या सरांबद्दल लिहिलं होतं, ‘ही इज ऑल्वेज गिव्हिंग अस ॲडव्हाइस.’ तिला म्हणायचं होतं, सर आम्हाला नेहमी मार्गदर्शन करतात. वाचणाऱ्याला ऐकू आलं असतं, सर सारखे उपदेश करत सुटतात. ‘इज गिव्हिंग’चं ‘गिव्ह्ज’ केलं आणि सरांचा मान परत आला. ‘फॉरेव्हर’, ‘कॉन्स्टंटली’ आणि ‘परपेच्युअली’ हेही चालू काळाबरोबर असाच कुरकुरीचा सूर धरतात.

दुसरा सापळा ‘कॅन ऑल्वेज’चा. ‘इफ यू मिस द महालक्ष्मी एक्स्प्रेस, यू कॅन ऑल्वेज टेक अ बस.’ इथं ‘नेहमी’ या अर्थाचा संबंधच नाही. गाडी चुकली तर बस आहेच की, असा हा धीर आहे. मराठीत त्या जागी ‘आहेच’मधला ‘च’ काम करतो. भाषांतर करताना इथं ‘नेहमी’ घातलात तर वाक्य मेलं.

पायरी ३: नकार आला की थांबा

मराठीत ‘मशीन नेहमी सुरू होत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. कधी होतं, कधी होत नाही, हा एक. कधीच होत नाही, हा दुसरा. समोर माणूस असेल तर स्वर, हातवारे, ‘ओ, आज बी बंदच’ यावरून कळतं. मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये स्वर नसतो.

इंग्रजीत हे दोन अर्थ वेगळे लिहिले जातात. ‘द मशीन डझ नॉट ऑल्वेज स्टार्ट’ म्हणजे कधी कधी अडतं. ‘द मशीन नेव्हर स्टार्ट्स’ म्हणजे कधीच नाही. ‘ऑल्वेज डझ नॉट स्टार्ट’ हे तिसरं रूप आपल्याकडं फार दिसतं. ते वाचणाऱ्याला घोटाळ्यात टाकतं, म्हणून लिहूच नका. पहिल्या वाक्यावर मेकॅनिक एखादी सैल वायर शोधेल, दुसऱ्यावर तो मोटर उतरवायची तयारी करून येईल. नियम असा: ‘नॉट’ आधी, ‘ऑल्वेज’ नंतर, तर अर्थ ‘दरवेळी नाही’. ‘कधीच नाही’ म्हणायचं असेल तर ‘ऑल्वेज’ला हात न लावता ‘नेव्हर’ घ्या.

‘नेव्हर’चा एक चांगला उपयोग इंग्रजी लेखक करतात, तोही शिकून घ्या. ‘नेव्हर फेल्स टू’. ‘द रेड रस्सा नेव्हर फेल्स टू मेक विझिटर्स स्वेट.’ तांबडा रस्सा पाहुण्याला घाम फोडतोच फोडतो. दोन नकार मिळून पक्का होकार, आणि त्यात कौतुकही येतं. मराठीतलं ‘-तोच -तो’ हे द्विरुक्त रूप इंग्रजीत न्यायचं असेल, तर हा प्रयोग सगळ्यात जवळचा.

पायरी ४: ‘इन्व्हेरिएबली’ म्हणजे हटकून

या शब्दावर माझं प्रेम आहे, आणि आपल्याकडं तो सगळ्यात जास्त चुकीच्या जागी वापरला जातो, म्हणून वाईटही वाटतं.

मूळ लॅटिन. ‘व्हेरी’ (vary) म्हणजे बदलणं, त्याला नकार. न बदलता, दरवेळी तेच. इंग्रजी लेखक तो वापरतात प्रसंगांसाठी: अमुक घडलं की तमुक घडतंच, असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की. ‘व्हेन आय फर्गेट माय अम्ब्रेला, इट इन्व्हेरिएबली रेन्स.’ इथं ‘हटकून’ अगदी चपखल बसतो. दोन्ही शब्दांत बघणाऱ्याचा अनुभव आहे. कुणीतरी अनेकदा पाहिलंय आणि आता सांगतंय.

म्हणूनच तो आज्ञेत शोभत नाही. आपल्या सरकारी आणि बँकेच्या पत्रांत वाक्य असतं: ‘द रेफरन्स नंबर शुड इन्व्हेरिएबली बी कोटेड.’ मराठी परिपत्रकातलं ‘न चुकता नमूद करावा’ याचंच हे इंग्रजी भावंड. भारतात हे समजतं, चालतं, कार्यालयात तुमच्या साहेबांना तसंच हवं असेल तर लिहा. पण लंडन किंवा शिकागोचा वाचक चमकेल. त्याच्या कानाला हा शब्द काय घडतं ते सांगणारा आहे, काय करा ते सांगणारा नाही. त्याला लिहिताना सरळ ‘प्लीज ऑल्वेज कोट द रेफरन्स नंबर’ लिहा.

दुसरी गोष्ट, त्याचं वजन. कोशात अर्थ ‘दरवेळी’ असाच आहे. तरी चांगले लेखकही पुष्कळदा तो ‘जवळजवळ दरवेळी’ म्हणून वापरतात, आणि काटेकोर संपादक त्यावर लाल पेन फिरवतात. आपलं ‘हटकून’ही तसंच आहे. छत्री विसरली आणि पाऊस आला नाही असा एखादा दिवस निघाला, तर कुणी आपल्याला खोटं पाडत नाही. माझा सल्ला: गप्पांच्या लेखात, प्रवासवर्णनात मोकळेपणानं वापरा. चाचणीचा अहवाल, करार, प्रबंध यांत एकही अपवाद ठाऊक असेल, तर ‘ऑलमोस्ट इन्व्हेरिएबली’ लिहा. हा जोड इंग्रजीत रुळलेला आहे. ‘व्हेरी इन्व्हेरिएबली’ किंवा ‘मोअर इन्व्हेरिएबली’ मात्र होत नाही. जे बदलतच नाही, त्याला कमी-जास्त कसलं?

याच्या शेजारी ‘इनेव्हिटेबली’ उभा असतो आणि पोरं दोघांची गल्लत करतात. ‘इनेव्हिटेबली’ म्हणजे टळत नाही, होणारच. त्याला कारण लागतं, पुनरावृत्ती लागत नाही. एकदाच घडणारी गोष्टही इनेव्हिटेबल असते. ‘धिस फर्नेस विल इनेव्हिटेबली नीड अ न्यू लायनिंग.’ या भट्टीचं अस्तर कधी ना कधी बदलावं लागणारच. इथं ‘इन्व्हेरिएबली’ घातला तर वाक्य लंगडं होतं.

पायरी ५: न चुकता आणि झाडून सगळे

‘विदाउट फेल’ म्हणजे न चुकता. हा बहुधा वाक्याच्या शेवटी येतो: ‘शी विझिट्स द टेम्पल एव्हरी फ्रायडे, विदाउट फेल.’ कुणीतरी जाणीवपूर्वक पाळलेली गोष्ट हवी. आपल्या ऑफिसांत तो हुकमाला जोडतात, ‘अटेंड द मीटिंग विदाउट फेल’. चूक नाही, पण त्यात दम दिल्यासारखा सूर आहे. गिऱ्हाइकाला किंवा वरिष्ठाला लिहिताना टाळा.

‘विदाउट एक्सेप्शन’ म्हणजे झाडून सगळे. तो वेळेपेक्षा माणसं आणि वस्तू मोजतो: ‘ऑल द वर्कर्स, विदाउट एक्सेप्शन, वेअर हेल्मेट्स.’ दोन्हीकडं स्वल्पविराम. त्याच्या आधी ‘ऑल’ किंवा ‘एव्हरी’ असलेलं बरं.

‘अनफेलिंगली’ गुणांबरोबर शोभतो, ‘अनफेलिंगली पोलाइट’. कधीही न ढळणारं सौजन्य. शिफारसपत्रात हा शब्द एकदा आला की पुरे.

‘रिलिजसली’ म्हणजे नेमाने. ‘ही गोज टू द तालीम रिलिजसली.’ रोज नेमाने तालमीत जातो. गंमत अशी की इंग्रजीत हा शब्द देवधर्माबाहेरच्या नेमासाठी जास्त शोभतो. दर रविवारी जोतिबाला जाणाऱ्या माणसाबद्दल ‘रिलिजसली’ लिहिलंत, तर वाचकाला कळेना की नेमाने म्हणताय की भक्तिभावाने. तिथं ‘एव्हरी संडे’ पुरतं.

पायरी ६: सतत, सारखं, कायमचं

‘कंटिन्युअस्ली’ म्हणजे अखंड, खंड न पडता. ‘कंटिन्युअली’ म्हणजे पुन्हा पुन्हा, मध्ये थांबून. आषाढातली झड लागते, दोन दिवस धार तुटत नाही, तो पहिला. सरी येतात, उघडीप पडते, पुन्हा सरी येतात, तो दुसरा. मशीनच्या पुस्तिकेत ही गल्लत महागात पडते: ‘रन द पंप कंटिन्युअस्ली’ म्हणजे बंद करायचाच नाही. खात्री नसेल तर ‘विदाउट अ ब्रेक’ किंवा ‘एव्हरी टेन मिनिट्स’ असं उघड लिहा. ‘कॉन्स्टंटली’ दोन्हीकडं चालतो, म्हणून तांत्रिक मजकुरात उपयोगाचा नाही.

पाट्यांवर आणि करारात ‘ॲट ऑल टाइम्स’ दिसतो: ‘कीप धिस डोअर क्लोज्ड ॲट ऑल टाइम्स.’ कुठल्याही क्षणी तपासलं तरी दार बंद दिसलं पाहिजे.

‘फॉरेव्हर’ एकत्र लिहायचा की ‘फॉर एव्हर’ तोडून? अमेरिकेत एकत्रच. ब्रिटनमध्ये काही लेखक ‘कायमचा’ या अर्थी तोडतात आणि ‘सारखा’ या अर्थी जोडतात. एका लेखात एकच पद्धत ठेवा.

पायरी ७: शब्द न वापरताही चालतं

नवख्याला हे उशिरा कळतं. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ स्वतःच ‘नेहमी’ सांगतो. ‘द पंचगंगा रायझेस इन द मॉन्सून.’ पावसाळ्यात पंचगंगा वाढते. इथं ‘ऑल्वेज’ घालून काही मिळत नाही. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे लिहितानाही ‘इज’ पुरतो, ‘इज ऑल्वेज’ लिहिलं तर वाचक विचारात पडतो की मग कशाला सांगताय, कधी बदलते का?

तसंच ‘व्हेनेव्हर’. त्यात ‘दरवेळी’ आलेलंच आहे. ‘व्हेनेव्हर द रिव्हर क्रॉसेस द वॉर्निंग लेव्हल, वी मूव्ह द स्टॉक अपस्टेअर्स.’ पाणी इशारा पातळीवर गेलं की आम्ही माल वरच्या मजल्यावर हलवतो. पुढच्या भागात परत ‘ऑल्वेज’ नको.

पायरी ८: वाक्य खरं आहे का ते बघा

ही पायरी व्याकरणाची नाही, आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथं घालवतो. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरण घेऊ, कारण ते वर्गातल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मग ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी पूर्ण मूर्तीवर, अशी परंपरेनं मांडणी सांगतात.

पर्यटकांसाठी माहितीपत्रक लिहायला सांगितलं की दहातले आठ जण लिहितात: ‘ऑन द थर्ड डे, द रेज ऑल्वेज कव्हर द होल आयडल.’ लिहिणाऱ्याच्या मनात श्रद्धा असते, ती मला समजते. पण आपण सगळ्यांनीच ढगाळ संध्याकाळी गर्दीत उभं राहून, किरणं अर्ध्यातच विरताना पाहिलीत. मुंबईहून त्या दिवशी आलेला पाहुणा हातात माहितीपत्रक घेऊन काय म्हणेल?

मग दुरुस्ती कशी करायची? ‘ऑल्वेज’ काढून ‘युज्वली’ घालणं हा सोपा मार्ग, पण त्यानं वाक्य मिळमिळीत होतं. त्यापेक्षा अट लिहा. ‘इफ द इव्हनिंग स्काय इज क्लिअर, द रेज आर एक्स्पेक्टेड टू कव्हर द होल आयडल ऑन द थर्ड डे.’ आकाश निरभ्र असेल तर तिसऱ्या दिवशी किरणं पूर्ण मूर्तीवर येणं अपेक्षित असतं. वाचकाला आता खरी माहितीही मिळाली: आकाश बघून यायचं, आणि उभं राहून वाट बघावी लागली तर ती का. अपवाद जिथून येतो ती जागा वाक्यात दाखवली की बरेचदा क्रियाविशेषणाची गरजच उरत नाही.

माझं फौंड्रीचं वाक्यही मी नंतर असंच बदललं. ‘एव्हरी कास्टिंग इज इन्स्पेक्टेड फॉर ब्लोहोल्स बिफोर डिस्पॅच.’ प्रत्येक नग पाठवण्याआधी ब्लोहोलसाठी तपासला जातो. नग कसा निघेल याचं वचन मला देता येत नव्हतं. तपासणीचं देता येत होतं, कारण ती माझ्या समोर, टेबलावर, रोज होत होती.

आता हात चालवा

खालची वाक्यं इंग्रजीत लिहा. उत्तराकडं लगेच बघू नका.

१. सासूबाई सारख्या माझ्या भाकरीला नावं ठेवत असतात.
२. पाहुणे आले की गॅस हटकून संपतो.
३. झाडून सगळ्या पावत्या तपासल्या.
४. लिफ्ट दरवेळी चालत नाही.
५. रिक्षा नाही मिळाली तर चालत जाता येईलच की.

पहिल्यात ‘इज ऑल्वेज फाइंडिंग फॉल्ट’, कारण कुरकूर आहे. दुसऱ्यात ‘इन्व्हेरिएबली’. तिसऱ्यात ‘ऑल’ आणि ‘विदाउट एक्सेप्शन’, किंवा नुसतं ‘एव्हरी सिंगल रिसीट’. चौथ्यात ‘डझ नॉट ऑल्वेज वर्क’. पाचव्यात ‘वी कॅन ऑल्वेज वॉक’. पाचवं चुकलं असेल तर दुसऱ्या पायरीतला दुसरा सापळा पुन्हा वाचा, माझ्या वर्गातही सगळ्यात जास्त तेच चुकतं.